नोनी क्रेमिनचा कोरा हात

किलड्रोमा गावच्या वार्षिक अंकासाठी मिस ब्रॉस्ननबाईंनी माझ्याकडे बिशपवर दोन पानं मागितली. बिशप म्हणजे आमचा घोडा. शर्यतीच्या पुस्तकात त्याचं नाव ‘कॅरिगडून’ असं भारदस्त छापलेलं असायचं. पण समोरच्या माणसाला तो असा वरपासून खालपर्यंत न्याहाळायचा, की जणू त्याचं शेवटचं पाप कबूल करायचं राहून गेलंय. म्हणून पागेतल्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव बिशप ठेवलं. सात वर्षं त्याला नाल मी ठोकले, म्हणून बाई माझ्याकडे आल्या.

घोडा जिंकला की जॉकीचा फोटो येतो, मालकाचा येतो, ट्रेनरचा येतो. नालबंदाला कुणी विचारत नाही आणि घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराला तर त्याहून नाही. तेव्हा मी लिहिणार आहे ते बिशपच्या मोतद्दारणीवर, नोनी क्रेमिनवर. बाईंना पसंत पडलं नाही तर त्यांनी पानं खुशाल चुलीत घालावीत.

बिशपचे ट्रेनर टॅरंटसाहेब, त्यांच्या पागेत नोनी आली ती स्वयंपाकाला. बटाटे उकडायचे, बेकन-कोबी शिजवायची, वीस माणसांच्या शिव्या ऐकून घ्यायच्या आणि त्यातल्या निम्म्या परत करायच्या. एकदा बादली घेऊन जाताना तिनं एका घोडीच्या पायावर सहज हात ठेवला आणि म्हणाली, “हिचा पाय तापलाय.” सगळे हसले. दुसऱ्या दिवशी घोडी लंगडायला लागली. त्या दिवसापासून साहेबांनी तिला चुलीवरून काढून तबेल्यात घातलं. त्यात बटाट्यांचंही भलं झालं, कारण ती ते नेहमी करपवायची.

अडथळ्यांच्या शर्यतीतला घोडा छातीएवढ्या उंच काटेरी कुंपणावरून झेप घेतो आणि अंगाचा सगळा भार घेऊन पुढच्या पायांवर उतरतो. पायाच्या नळीच्या मागे दोरीसारखी एक शीर असते, तिच्यावर सगळं अवलंबून. ती एकदा तुटली की घोडा संपला, आणि पुष्कळदा तिथंच गोळी घालावी लागते. मात्र तुटण्याआधी एखाददोन दिवस ती जराशी गरम होते. इतकी जराशी, की ती कळायला हातच लागतो, आणि तो हात गरम असून चालत नाही, गारही असून चालत नाही. गरम हाताला तापलेला पायही गारच लागतो.

त्यापायी नोनीचं सकाळचं सोवळं असायचं. उठल्यापासून घोड्याचे पाय चाचपेपर्यंत ती कशाला हात लावायची नाही. चहाचा कप नाही, थंड पाण्याचा नळ नाही. कोटाच्या खिशात हात घालून घरापासून अर्धा मैल चालत यायची. वाटेत फादर भेटले आणि त्यांनी हात पुढे केला, तरी ही नुसती मान हलवायची. “हात कोरा हवा,” म्हणायची. गावानं तिची थट्टा केली, पण पागेत तिचा शब्द शेवटचा होता. ती “गार” म्हणाली की घोडा पळणार, “गरम” म्हणाली की राजा आला तरी पळणार नाही.

बिशप चार वर्षांचा असताना जत्रेत आला, तेव्हा त्याला कुणी गिऱ्हाईक नव्हतं. डोकं गाढवाएवढं, मागचे पाय कोंबडीसारखे. टॅरंटसाहेब पुढे निघून गेले होते. नोनीनं त्याचे चारही पाय चाचपले आणि ओरडली, “साहेब, याचं तोंड बघू नका! तोंडानं पळायचंय का त्याला?”

पहिल्या शर्यतीत तो तिसऱ्या कुंपणावर तोंडघशी पडला. दुसरीत जॉकी पडला आणि बिशप एकटाच सगळी कुंपणं ओलांडून पहिला आला. तिसरीपासून मात्र त्याला समजलं असावं, की पाठीवरच्या माणसालाही बरोबर आणायचं असतं. त्यानंतर तो थांबलाच नाही. आमच्याकडची सगळ्यात मोठी शर्यत ड्रोमा कपची, साडेतीन मैल, बावीस कुंपणं. ती त्यानं लागोपाठ तीन वर्षं जिंकली. दर वेळी त्याला हीलींच्या दारूच्या दुकानात आत नेलं जायचं आणि बादलीभर काळी बिअर त्याच्यापुढे ठेवली जायची. शेवटचा थेंब चाटून तो मालक हीलीकडे असा बघायचा, की बिचारा दुसरी बादली आणायला पळायचा.

चौथ्यांदा कप आजवर कुठल्याच घोड्यानं जिंकला नव्हता. त्या फेब्रुवारीत आमच्या गावात दुसरा विषयच नव्हता.

शर्यतीच्या दिवशी सकाळी कडक हिमदव पडलं होतं. बिशपला शर्यतीचे हलके नाल ठोकायला मी लवकर आलो होतो. इतर घोड्यांच्या कामासाठी अंगणात माझी भट्टी पेटलेली होती. नोनी फाटकातून आली, नेहमीसारखी खिशात हात घालून. माझा आनंद ओतू जात होता, आणि लहानपणापासून माझी अक्कल आनंदात पहिली पळून जाते. मी पुढे झालो, तिचे दोन्ही हात खिशातून ओढून काढले आणि भट्टीवरून आलेल्या माझ्या हातांत गच्च धरून हलवले.

“आज तरी हस की गं, म्हसोबासारखं तोंड करून काय येतेस!”

“सोड, मेल्या! माझे हात!”

तिनं हात हिसडून घेतले. पण तेवढ्यात लॉरीवाला भोंगा वाजवायला लागला, साहेब घड्याळ दाखवत आले. नोनीनं हात वाऱ्यावर झटकले, खाली वाकली आणि चारही पाय चाचपले. जरा जास्तच वेळ घेतला.

“काय गं?” साहेबांनी विचारलं.

“गार,” ती म्हणाली. मी नाल ठोकले आणि आम्ही सगळे निघालो.

दोन तासांच्या प्रवासात लॉरीत ती माझ्याकडे पाठ करून बसली. हात परत खिशात होते. मैदानावर पोचल्यावर तिनं बिशपला उतरवलं नाही. आतच खाली बसली आणि पुन्हा पाय चाचपले. मग बाहेर आली ती थेट साहेबांपुढे.

“साहेब, शर्यतीतून नाव काढा. पुढचा डावा गरम आहे.”

टॅरंटसाहेबांनी स्वतः हात लावून पाहिला. मैदानावरच्या घोड्यांच्या डॉक्टरांनी पाहिला, घोडा चालवला, पळवला. कुणाच्याच हाताला काही लागेना. तोपर्यंत आमचं अर्धं गाव लॉरीभोवती जमलं होतं.

“नोनी, सकाळी तूच गार म्हणालीस ना?” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, ते जास्त वाईट होतं. “आजवर तुझा शब्द कधी फिरला नाही. मग सकाळी तुझ्या हाताला काय झालं होतं?”

नोनीनं माझ्याकडे पाहिलं. माझं लग्न होऊन सहा महिने झाले होते, मेरीला दिवस गेले होते, आणि साहेबांच्या पागेवर आमचं घर चालायचं. साहेब घोड्याच्या बाबतीत सख्ख्या भावालाही माफ करत नसत. हे सगळं नोनीला माहीत होतं. मी मूग गिळून उभा होतो.

“चहा प्यायले होते,” ती म्हणाली. “गरम कप धरला होता. माझी चूक.”

साहेबांनी नाव काढलं. कप कुठल्याशा भलत्याच घोड्यानं जिंकला. आमचा तिथे असता तर रमतगमत जिंकला असता, असं लोक घरी येईपर्यंत म्हणत होते. त्यानंतर गावानं तिचं नाव ‘चहावाली’ ठेवलं. हीलींच्या दुकानात ती शिरली की कुणीतरी हमखास ओरडायचं, “नोनीला कप द्या रे, चौथा कप!” शर्यतीनंतरच्या मंगळवारी गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी पाय पुन्हा तपासला तर थंडगार. तीन दिवस ती त्यावर थंड पाणी सोडत बसली होती, हे कुणी लक्षात घेतलं नाही.

टॅरंटसाहेबांनी तिला काढलं नाही. पण त्यानंतर रोज सकाळी तिच्यामागून ते स्वतःही पाय चाचपायचे. दोन वर्षं तिनं ते सोसलं आणि मग काम सोडलं. बिशपला साहेबांनी परत कधी पळवलं नाही. तो तिच्याच घरामागच्या कुरणात राहायला गेला आणि एकोणतीस वर्षांचा होऊन, उन्हात आडवा पडून मेला.

आता हे लिहायचं ठरल्यावर मागच्या रविवारी मी तिच्याकडे गेलो. नोनी एक्क्याऐंशीची आहे. बोटं वाकली आहेत, जीभ सरळ आहे.

“डॉनल, सोडा ब्रेड खाणारेस की नुसते उसासे टाकणारेस?”

मी म्हटलं, “नोनी, मला एक सांगायचंय. त्या संध्याकाळी परत आल्यावर बिशपचे हलके नाल मी काढले.”

“मग? ते कामच होतं तुझं.”

“डावा पाय माझ्या मांड्यांत धरला होता. मी शिरेवर हात ठेवून पाहिला.” मी ब्रेडची बशी बाजूला सरकवली. “गरम होता गं. नाण्याएवढ्या जागेत, पण गरम होता. मी बोललो असतो तर सकाळचंही सांगावं लागलं असतं.”

तिनं खिडकीतून कुरणाकडे पाहिलं.

“म्हणजे मला बरोबर लागलं होतं,” ती म्हणाली. “एवढी वर्षं मला वाटायचं, एकदा चुकला तो हात दुसऱ्यांदाही चुकला असेल. उगाच त्याचा कप घालवला मी.”

मला वाटत होतं की तिला ते माहीतच आहे. चाळीस वर्षं मी स्वतःची अशीच समजूत घालत आलो होतो.

“मला कशाला सांगतोस आता?” ती डोळे पुसत म्हणाली. “गावाला सांग.”

तर किलड्रोमाकरांनो, सांगतो. नोनी क्रेमिननं त्या सकाळी चहा प्यायला नव्हता. तिचे हात मी तापवले होते. आणि बिशपचा पाय गरम होता.

डॉनल टूमी, नालबंद