फिल्टरची ओळ

धामणगाव बढ्याच्या जीप स्टँडवर नंबर असतात. पहिल्या नंबरची जीप सकाळी आधी भरते, बुलडाण्याला निघते, आणि ती निघाल्याशिवाय दुसरीत कोणी बसायचं नाही. हा पहिला नंबर बरीच वर्षं माझ्या बाबांचा होता. तो कुठे लिहून दिलेला नव्हता. बाबांची गाडी जुनी असली तरी वाटेत थांबत नाही, एवढ्याच भरवशावर तो टिकून होता. कॉलेजची पोरं, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं, कोर्टाची तारीख असलेले, सगळे त्याच भरवशावर बसत.

त्या जीपच्या पुढच्या सीटवर बसून मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बाबा तिसरी शिकलेले. पण माझी वही हातात घेतली की आधी हात पुसायचे.

शेवटच्या वर्षी आमच्या सरांनी प्रयोगशाळेत वापरलेल्या खाद्यतेलापासून बायोडिझेल करून दाखवलं. एवढंसं, बाटलीभर. सरांनी सांगितलेलं मी शब्द न् शब्द उतरवून घेतलं आणि त्याच दिवशी ठरवलं की हे बाबांच्या गाडीसाठी करायचं. शिकून मी घराला अजून काहीच दिलं नव्हतं.

आठवडी बाजार उठला की भज्यांच्या गाडीवरचं उरलेलं काळं तेल मी कॅनमध्ये भरून आणायची. गाडीवाले चाचा म्हणाले, "बेटी, हे तेल तं आता मी बी नाही वापरत. गाडीले काऊन पाजून राह्यली?"

"गाडीले चव नसते, चाचा."

"तुह्या बापाले इचार. त्याच्या गाडीले समदं समजते."

आवारातल्या लिंबाखाली, उघड्यावर, मी तेल गाळायची, तापवून त्यातलं पाणी उडवायची, थंड झालं की मिथेनॉल आणि कॉस्टिक सोड्याचं मिश्रण घालायची. दुसऱ्या दिवशी खाली गडद चिकट थर बसलेला असायचा आणि वर मधाच्या रंगाचं तेल. ते पाण्याने धुवायचं, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. आई म्हणायची, "इतकं तं मी तुले बी नाही धुतलं."

पहिल्यांदा टाकीत ओतण्याआधी बाबांनी आईच्या जुन्या लुगड्याची चौपदरी घडी करून तेल पुन्हा गाळलं. फडक्यावर काहीच राहिलं नाही. मग ते म्हणाले, "वही आण. काय काय लिहेल हाय ते समदं वाचून दाखव."

मी वाचलं. शेवटची ओळ सोडून.

ती ओळ अशी होती: जुन्या गाडीत हे इंधन टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवतं, म्हणून सुरुवातीला दोन-तीन वेळा फिल्टर बदलावा लागतो, तोवर गाडी भरवशाच्या कामाला नेऊ नये. मला वाटलं, हे ऐकलं तर बाबा नको म्हणतील. भरवशाचं काम हेच तर त्यांचं काम होतं.

"काही खोट तं नाही ना याच्यात?"

"नाही बाबा."

निम्मं डिझेल, निम्मं माझं तेल. गाडी मऊ चालायला लागली, धूर कमी झाला, आणि मागे भज्यांचा वास दरवळायला लागला. दुसऱ्या नंबरचा ड्रायव्हर सकाळी सकाळी विचारायचा, "काका, गाडी चालवता का तळता?" बाबा ऐटीत सांगायचे, "माह्या पोरीनं केलं. तुह्याच्यानं चहा तरी होते का?"

पंधरा दिवसांनी राजूरच्या घाटात जीप अडखळली, दोन वळणं कशीबशी चढली आणि बंद पडली. पुढच्या सीटवर मी होते, मागे बारावीची मुलं होती, त्यांची प्रॅक्टिकलची परीक्षा होती. बाबांनी बॉनेट उघडून फिल्टर काढला. त्यातून काळा गाळ निघाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फिल्टर फडक्यात गुंडाळला.

मागून दुसऱ्या नंबरची जीप आली. "काका, बेसन संपलं का?" ड्रायव्हर म्हणाला. मुलं हसली.

"माहंच चुकलं," बाबा म्हणाले. "फिल्टर बदलाचा राह्यला होता. या पोरायले घेऊन जाय बाबू, त्यायचा पेपर हाय."

नवा फिल्टर टाकला. चार दिवसांनी तोही तसाच भरला, पुन्हा घाटातच. त्यानंतर स्टँडवर सगळ्यांनी चहा पिता पिता पहिला नंबर त्या दुसऱ्या ड्रायव्हरला दिला. बाबांना समोर कोणी काही बोललं नाही. तो ड्रायव्हरही त्या दिवशी थट्टा न करता नुसता कपाकडे बघत बसला होता, असं बाबांनीच सांगितलं.

संध्याकाळी ते ओट्यावर बसले. "बाई, वही आण. पुन्हा वाच."

खरं सांगायची ती वेळ होती. अजून एक-दोन फिल्टर बदलले असते तर टाकी धुऊन निघाली असती आणि गाडी पहिल्यासारखी चालली असती. नंबरही कदाचित परत मिळाला असता. पण तोवर त्यांनी सगळ्या स्टँडला माझं कौतुक सांगून ठेवलं होतं. मी तशीच वाचत गेले आणि शेवटच्या ओळीशी वही मिटली.

"म्हंजे तुह्या तेलात खोट नाही," बाबा म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "गाडीच म्हातारी झाली."

महिनाभरात त्यांनी जीप मलकापूरच्या भंगारवाल्याला दिली. द्यायच्या आदल्या दिवशी तिच्या काचा पुसल्या.

आता मी बुलडाण्यात एका ज्युनिअर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवते. तिथवर मला त्याच जीपने पोचवलं, हे मी कधी विसरत नाही. बाबांना दर महिन्याला डोळे दाखवायला घेऊन येते, एसटीने. ते ड्रायव्हरच्या मागची सीट धरतात.

मागच्या खेपेला घाटात बस दमली. बाबांनी डोळे मिटून थोडा वेळ इंजिनाचा आवाज ऐकला.

"फिल्टर चोक झाला हिचा," ते हळूच म्हणाले. "बदलला का चालंन चांगली."

माझी वही अजून कपाटात आहे. मी "हाव बाबा" म्हटलं आणि घाट संपेपर्यंत त्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले.