आंधळगावच्या बसमधली ती कविता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मी न सांगितलेलंही काही असतं, यावर आमच्या घरात कुणाचा विश्वास बसायचा नाही म्हणा. लग्न असो की तेरवी, जेवणं झाली की पोरं मलाच घेरतात — काका, ती म्हशीची गोष्ट सांगा. म्हैस दरवेळी थोडी मोठी होते. माझ्या पोटात भात राहतो, गोष्ट राहत नाही.

ही मात्र राहिली.

काही वर्षांमागे आमच्याकडच्या बसमध्ये गावकऱ्यांच्या कविता लावल्या होत्या. खिडक्यांच्या वर — जिथे आधी मूळव्याधीच्या औषधाची जाहिरात असायची, तिथे. खाली कवीचं नाव नाही, फक्त गावाचं. म्हटलं, आपणही द्यावी एक. धानाच्या बांध्या, तलाव, बगळे, सगळं लिहून पाहिलं. सगळं शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारासारखं. खरं म्हणावं असं एकच वाक्य माझ्याजवळ होतं — आणि ते माझं नव्हतं.

ते ताईचं होतं. माझी मोठी बहीण, गावातच दिलेली. भाऊजींचा हात चालायचा, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कोण गेलं विचारायला? मी तर नाहीच. ते वारले त्या वर्षी एका दुपारी ती म्हणाली होती, "हे गेले अन् मले पहिल्यांदा रातभर झोप लागली. कोनाले सांगू नको."

मी कुणाला सांगितलं नाही. बसमध्ये लावलं.

भाऊजींच्या भीतीने ती उशाखाली विळा ठेवायची; वर तोही घातला, कवितेला धार यावी म्हणून. मग उगाच तुमसरच्या चकरा मारायचो. त्या ओळींखाली बसायचो, वाचणाऱ्यांचे चेहरे बघायचो. एक बाई वाचून गप्प झाली, तर मी काय फुगलो!

ताईच्या दिराने वाचली. घरी जाऊन सांगितली. तो विळा सासूच्या हाती एकदा लागला होता. तिला आणखी काय हवं? सगळ्या घराने ताईशी अबोला धरला. नवऱ्याच्या मरणावर झोपणारी, असं गावात झालं.

ती माझ्याकडे आली. रडली नाही. म्हणाली, हे मी दोघांनाच सांगितलं होतं — तुला आणि कमलला. कमलबाई तिच्या शेजारची. दोघी एकाच साली सुना होऊन आलेल्या. धानाच्या रोवणीला कमलबाई गाणी रचायची. ताईने विचारलं, "तू तं नाही ना लिवलं?"

आणि मी — काय बोललो असेन?

"मले कुठं जमते, ताई? गाने तं कमलबाई जोडते."

एवढंच. नाव माझ्याच तोंडून गेलं.

ताईने कमलबाईचं तोंड पाहणं सोडलं. ती बिचारी मलाच विचारायला आली — भाऊ, माहं काय चुकलं? मी तिला चहा पाजला. चहा! म्हटलं, घरचा ताप असेल, निवळेल.

निवळलं नाही. कविता कधीच उतरल्या. दोघींची घरं अजून भिंतीला भिंत आहेत, आणि रोवणीला त्या वेगवेगळ्या बांध्यांत उतरतात. ताई माझ्याकडे येते, आता भरवशाचा तूच एक उरलास म्हणते. कमलने कसा दगा दिला ते पहिल्यापासून सांगते. मी हूं हूं करतो.

परवा सांगता सांगता ती मध्येच अडली. पुढचं वाक्य मी पुरवलं.