शेजाऱ्याचा क्लब वर जातो की नाही

मला फुटबॉल कळत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे काय दिवे लावले ते वाचून कोणाचा गैरसमज व्हायला नको.

माझी नोकरी आयर्लंडमध्ये, रिंगास्किडीच्या एका औषध कारखान्यात, इंजिनिअरची. काम असं की यंत्र नीट चालतंय हे सगळ्यांना दिसत असतं, आणि ते नीट चालतंय हे मी कागदावर सिद्ध करायचं. आमच्या धंद्यात एक नियम आहे: जे लिहून ठेवलं नाही, ते घडलंच नाही. चौदा वर्षं हा नियम पाळल्यावर माणूस कसा होतो ते माझ्या बायकोला विचारा. ती लग्नाच्या अल्बमवर तारीख टाकणाऱ्या माणसाबरोबर राहते.

दोन हजार वीसच्या जानेवारीत आम्ही कॉर्कच्या बाहेरच्या एका घरात राहायला गेलो. मागच्या अंगणात कमरेएवढी भिंत आणि भिंतीपलीकडे एक म्हातारा. पंच्याहत्तरीचा, एकटा. तीस वर्षं इंग्लंडात भिंतींना गिलावा करून गावी परतलेला. त्यानं पहिल्याच दिवशी माझा धंदा विचारला. मी सांगितला. तो म्हणाला, "ग्रँड. मग आम्ही वर जाणार का, तेवढं सांग."

आम्ही म्हणजे त्याचा क्लब. इंग्लंडात टीव्हीवर दिसणारे श्रीमंत क्लब वरच्या चार पायऱ्यांवर असतात, त्याखाली एक न संपणारा जिना आहे. त्याचा क्लब आठव्या पायरीवर. खेळाडूंमध्ये एक प्लंबर, एक पोस्टमन, आणि प्रेक्षक आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला येतात तेवढेच. पण नियम कडक. पहिला आलात की सातव्या पायरीवर, तळाला गेलात की नवव्या. आणि त्या वर्षी हा क्लब चक्क पहिला होता. म्हातारा चाळीस वर्षं ह्याची वाट पाहत होता.

झालं. मला आयतंच काम मिळालं. मी एक्सेलची शीट बनवली. उरलेले सामने, प्रत्येकाचे गुण, हे जिंकले आणि ते हरले तर काय, दोघे बरोबरीत सुटले तर गोलफरक किती. लाल रकाने, हिरवे रकाने. दर शुक्रवारी कामावरून आलो की मी छापील कागद भिंतीवरून त्याच्या हातात द्यायचो. बायको म्हणाली, "भांड्यांच्या प्रेसचं दार दोन महिने लटकतंय," इथे कपाटाला प्रेस म्हणतात, "आणि हे लष्कराच्या भाकऱ्या भाजतायत." मी ऐकलं नाही. माझ्या शीटला एवढा आतुर वाचक कारखान्यात कधी मिळाला नव्हता.

शनिवारी दुपारी म्हातारा अंगणात खुर्ची टाकून मुलाला फोन करायचा. मुलगा तिकडेच, त्या क्लबच्या गावात. म्हातारा माझा कागद गुडघ्यावर ठेवून ओरडायचा, पलीकडून मुलगा ओरडायचा. अर्धा-पाऊण तास. आपली शीट लोक एवढी मन लावून वाचतात ह्याचं मला फार कौतुक वाटे.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. सामने थांबले. सत्तरीच्या वरच्यांनी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही असा हुकूम निघाला. म्हातारा भिंतीपासून दोन मीटर लांब उभा राहून विचारू लागला, आता काय?

आता इथे माझ्यातला भारतीय जागा झाला. आपण पावसात वाढलेले लोक. क्रिकेटचा सामना धुऊन गेला तरी कुठलं तरी सूत्र निघतं आणि कोण जिंकलं ते ठरतं, हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. झालेल्या सामन्यांची सरासरी काढतील, दुसरं काय करणार? मी सरासरी काढली. क्लब पहिला, वादच नाही. मी कागदाच्या तळाशी ठसठशीत लिहिलं: बढती निश्चित. खाली सही केली. तारीख टाकली.

त्या शनिवारी मी कान देऊन होतो. म्हातारा फोनवर म्हणाला, "शेजारचा म्हणतो आपण गेलो वर. हो. नक्की. मग झालं तर. बरं, ठेवतो." एक मिनिटसुद्धा नाही. मला वाटलं, आनंदानं बोलती बंद झाली.

पंधरवड्यात तिकडच्या मोठ्या लोकांनी निर्णय दिला. खालच्या पायऱ्यांवरचा हा मोसम झालाच नाही असं समजावं. सगळे गुण पुसले. कोणी वर नाही, कोणी खाली नाही. पोस्टमननं मारलेले गोल कुठे गेले कोण जाणे. माझं तर डोकंच फिरलं. आमच्याकडे लिहिलं नाही ते घडत नाही, आणि ह्यांच्याकडे लिहिलेलं, मोजलेलं, पंचांनी सही केलेलंही घडत नाही! असल्या माणसांना आमच्या कारखान्यात दारावरच्या सिक्युरिटीनं आत सोडलं नसतं.

माझी सही मात्र घडलेली होती. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. मी महिनाभर मागच्या अंगणात गेलो नाही. कपडे वाळत घालायलाही बायकोला पाठवायचो.

शेवटी मे महिन्यात भिंतीशी गाठ पडलीच. मी माफी मागितली. म्हणालो, तुमचा क्लब माझ्यामुळे तोंडघशी पडला. तो म्हणाला, क्लबचं जाऊ दे. मी विचारलं, मुलगा काय म्हणतो?

"काही नाही. फोन होत नाही."

"का?"

"बोलणार काय? त्याची आई गेली तेव्हापासून आमच्यात दुसरा विषय नाही. तू पहिल्यांदा उत्तरच देऊन टाकलंस. मग त्यांनी प्रश्नच रद्द केला."

तो हे सहज बोलला आणि गुलाबाच्या फांद्या छाटत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्या माणसाला गणित नको होतं. शनिवारी वाद घालायला काहीतरी हवं होतं, आणि मी शहाणा त्याला निकाल देऊन बसलो.

त्यात मी कोणाला काय सांगणार? माझं तरी काय वेगळं होतं? माझे बाबा नागपूरला. पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त. मी दर रविवारी फोन करतो. बाबा उचलतात, म्हणतात, "हं. बरा आहेस ना? थांब, आईला देतो." वर्षानुवर्षं आमचं बोलणं एवढंच. एकदा मी वेळ मोजली होती, सांगत नाही किती भरली.

पुढचा मोसम सप्टेंबरात सुरू झाला, नोव्हेंबरात थांबला आणि फेब्रुवारीत तोही रद्द. आता पुढे काही होईल असं कोणालाच वाटत नव्हतं. पण एकवीसच्या वसंतात त्याच मोठ्या लोकांना साक्षात्कार झाला की वरच्या पायऱ्यांवर जागा रिकाम्या आहेत. त्या कशा भरायच्या? तर जे दोन मोसम झालेच नाहीत, त्यांची सरासरी काढून. मी बातमी तीनदा वाचली. आता ह्यांना काय म्हणावं? आधी मढं पुरायचं आणि मग त्याच्याच साक्षीनं खटला चालवायचा.

मी शीट उघडली. दहा मिनिटांत उत्तर आलं. म्हाताऱ्याचा क्लब वर जात होता, थोडक्यात, पण जात होता. माझी वर्षापूर्वीची सही खरी ठरत होती. छापायला बोट लावलं आणि थांबलो.

मग मी आयुष्यात कधी केलं नाही ते केलं. जवळच्या प्रतिस्पर्ध्याचा एक सामना मोजायचा सोडला. गुण तेवढेच, सामने कमी, म्हणून त्याची सरासरी फुगली आणि आमचा क्लब केसभरानं हुकला. कारखान्यात असल्या चुकीबद्दल मी लोकांना रडवलेलं आहे. कागद भिंतीवर ठेवला, त्यावर दगड ठेवला आणि म्हाताऱ्याला म्हणालो, "मला काही हे पटत नाही. तुमच्या मुलाला विचारून बघा."

तेव्हा नागपुरात दुसरी लाट चालू होती. रोज कोणी ना कोणी ओळखीचं जात होतं. विमानं बंदच म्हणा. बाबा दोन खोल्यांत कोंडलेले, आणि फोनवर तेच, "आम्ही ठीक आहोत. थांब, आईला देतो." मी तोच चुकीचा कागद त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला. लिहिलं, बाबा, शेजाऱ्यासाठी केलंय, एकदा नजर टाका.

शनिवारी भिंतीपलीकडे आरडाओरडा सुरू झाला. मी खिडकी उघडली. "अरे पण तो इंजिनिअर आहे!" म्हातारा ओरडत होता. "मोज. पुन्हा मोज. मग सामना गेला कुठे?" पलीकडून मुलगा माझ्याबद्दल जे बोलत होता ते स्पीकरवर स्वच्छ ऐकू येत होतं आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. तासभर चाललं. शेवटी मुलगा म्हणाला, विमानं सुरू झाली की ये, वरच्या पायरीवरचा पहिला सामना बरोबर बघू.

मी ऐकत असतानाच माझा फोन वाजला. बाबा. शनिवारी, आणि आपणहून. मी पहिल्याच रिंगला उचलला.

"काय करून राहिला तू?" बाबा म्हणाले. "तिसऱ्या ओळीत जिंकले-हरले मिळवून बघ, एक सामनाच खाल्लास. भागाकार येत नाही का? आणि हे गोलफरक म्हणजे काय, ते सांग मला आधी."

मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. मग पायऱ्या किती ते विचारलं, मग तो म्हातारा कोण, मग त्याचा मुलगा त्याला भेटायला का येत नाही. मी सांगत गेलो. बऱ्याच वेळानं मागून आईचा आवाज आला, "अहो, मला द्या की फोन."

बाबा म्हणाले, "थांब जरा. आमचं चालू आहे."