आत दडलेले लाल ठिपके

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली, कारण तिच्यात मी फारसा बरा दिसत नाही.

ओतूरच्या कॉलेजात मी जीवरसायन शिकवायचो. गोलाकार प्रथिन म्हणजे फळ्यावर खडूने काढलेला एक गोल, एवढीच माझी मजल. प्रयोगशाळेतला आमचा शिपाई परीक्षानळ्या धुता धुता माझी व्याख्यानं ऐकायचा. काही बोलायचं झालं की आधी म्हणायचा, "चुकत असंल तर सांगा." त्याचं सहसा चुकत नसे.

तपासणी समिती येणार म्हणून आम्ही प्राध्यापकांनी रांगोळ्या काढल्या. शिपायाने शेतातली ठिबकची जुनी नळी आणली, तिच्यावर लाल-निळे ठिपके रंगवले आणि दुमडत दुमडत तिचा गोळा केला, प्रथिनाची लांब साखळी दुमडून गोल होते तसा. लाल ठिपके सगळे आत गेले.

समितीचे अध्यक्ष त्या गोळ्यापाशी थांबले. "हे कुणी केलं?"

"मी," मी म्हणालो.

"लाल आतच का?"

मी घसा खाकरला. तेवढ्यात तो चहाचा ट्रे घेऊन माझ्या कानाशी वाकला. "चुकत असंल तर सांगा सर, पण साखळीतले हे लाल तुकडे पाण्याला भित्यात. म्हनून आत दडत्यात."

मी तेच शुद्ध मराठीत सांगितलं. शाल मला मिळाली. कपबशा त्याने विसळल्या.

परवा तो स्टँडवर भेटला. खिडकीतून रुमाल टाकून त्याने एसटीत जागा धरली होती. "बसा सर. मला उभं ऱ्हायाची सवय हाय."

मी बसलो. नारायणगावपर्यंत तो दांडी धरून उभा होता आणि मी ‘मला माफ कर’ एवढे तीन शब्द जुळवत होतो. उतरताना म्हणालो, "गर्दी फार असते हल्ली."