धुऱ्यावरच्या सागाची चौकट

घर पाहायला गेली की ती आधी चपला काढायची. घर म्हणजे तरी काय, विटांच्या उघड्या भिंती, वर स्लॅब, खाली गिट्टी आणि सिमेंटची रिकामी पोती. तरी ती बाहेर चपला जोडीने ठेवायची आणि अनवाणी आत शिरायची.

"अवं, पाय कापशीन," नवरा म्हणायचा.

"कापला तं कापला. पट्टी कराले मी हावो न."

ती मानोऱ्याकडच्या एका उपकेंद्रात कंत्राटी नर्स होती. नवरा कारंज्यात कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर. मी कारंज्यातल्याच एका बँकेत गृहकर्जाच्या फायली पाहते. प्रत्येक फायलीवर कागदपत्रांची यादी टाचते, कागद आला की खूण करते. खुणा पूर्ण झाल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. पहिलं घर घेणारी जोडपी तुम्हीही पाहिली असतील. नवरा हप्ता विचारतो, बायको ओट्याची उंची. ही नुसती चौकशीला आली, त्या पहिल्या दिवशी हिने वेगळंच विचारलं.

"मॅडम, चौकट आमची बसवली तं चालते न?"

मग तिने सगळं सांगितलं. तिच्या वडिलांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सागाचं एक झाड होतं. हिच्या लग्नानंतर म्हाताऱ्याने ते तोडलं, सुताराकडून चौकट करून घेतली आणि गोठ्यात उभी करून ठेवली. लेकीचं घर होईल तेव्हा बसवू म्हणून. हे दोघं घरं पाहत फिरत होते, पण प्रत्येक ठिकाणी लोखंडी चौकट आधीच बसलेली. शहराच्या कडेला एका नव्या लेआउटमध्ये एक घर असं सापडलं, की त्याला दाराच्या जागी नुसतं भोक होतं.

"तेच घर ठरवलं," ती हसून म्हणाली. "आमच्या बाबाची चौकट त्यातच बसत होती."

वडिलांनी मुहूर्त काढला. मुहूर्ताआधी घर आपलं व्हायला हवं, म्हणून हिने बांगड्या मोडून इसार दिला. चौकट टेम्पोतून आली, हळदीकुंकू लागलं, आंब्याचं तोरण बांधलं, पेढे वाटले. कागद मागून पाहू, असं ठरलं. फाइल माझ्या टेबलावर आली ती त्यानंतर.

मी जागा पाहायला गेले तेव्हा ती पुढे होऊन म्हणाली, "मॅडम, तुमी नोका काढू चप्पल. तुमाले सवय नसन." आत तिने मला स्वयंपाकघर दाखवलं, पाळण्याची जागा दाखवली. नवरा लाजून स्लॅबकडे पाहू लागला.

परतल्यावर मी यादी तपासली. पगार, जामीनदार, इसारपावती, सगळ्यांपुढे खूण होती. एक जागा रिकामी होती. ती जमीन कागदोपत्री अजून शेतच होती. तिथे घरं बांधायची परवानगी कोणी घेतलीच नव्हती, आणि अशा जागेवर बँक कर्ज देत नाही. घर बांधणारा ठेकेदार महिनोन्महिने "कागद पुढच्या आठवड्यात भेटते" म्हणत राहिला. कागद आला नाही. फाइल परत गेली.

ती टेबलासमोर बसून होती. रडली नाही. "एवढी घरं हाय तिथं, मॅडम. लोक राहून राह्यले न?"

"राहतात. पण कर्ज काढून नाही."

इसार मागायला दोघं ठेकेदाराकडे गेले. तो म्हणाला, "बँक तुमाले पैसे देत नाही, हा माहा गुन्हा हाय काय? पैसे भराची मुदत तुमची गेली, इसार बुडाला." निदान चौकट तरी द्या, म्हणाली ती. "काढा न. भिंत पडली तं भरून द्या."

नवऱ्याला वाटत होतं, व्याजाने पैसे उचलून घर घेऊनच टाकावं. ती नाही म्हणाली. त्यावरून दोघं बरेच दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. तेवढ्यात ठेकेदाराने घर एका रोखीने घेणाऱ्याला विकलं. त्याला कर्ज नको होतं, त्यामुळे कागदही नको होता.

वडिलांना यातलं काहीच माहीत नव्हतं. एकदा माझ्यासमोरच त्यांचा फोन आला. "कडी बसवली काय वं बाई?" ती म्हणाली, "बसवली, बाबा." फोन ठेवल्यावर ती बराच वेळ हातरुमालाची घडी घालत राहिली.

दोघं वाशीमला भाड्याने राहायला जायच्या आधी ती बँकेत आली. "बाबा घर पाहाले येऊन राह्यले. तुमी चाला सोबत. कर्ज काहून नाही भेटलं, ते तुमच्या तोंडून सांगा."

मी गेले. काय सांगायचं ते मुद्दे कागदावर लिहून नेले होते. पण घरापुढे पोचताच तीच म्हणाली, "बाबा, हे घर आपलं नाही झालं. दुसऱ्याचं हाय."

म्हातारा तिच्याकडे पाहत राहिला. मला वाटलं, आता विचारेल. माझा हात पर्समधल्या कागदावर होता. तो चौकटीपाशी गेला, तळहात वरून खालपर्यंत फिरवला. आतून नवा मालक बाहेर आला. तिने आमची ओळख सांगितली तसा तो ओशाळला.

"भाऊ," म्हातारा म्हणाला, "रंग नोका लावू हिले. वर्षातून एक खेप जवसाचं तेल देत जा. लय दिवस टिकन."

"हो काका. या न आत. चहा घ्या."

म्हाताऱ्याने वहाणा काढल्या, उंबरठ्याला हात लावून कपाळाला नेला आणि आत गेला. आतून हाक आली, "ये वं बाई."

"तुमी पाहून या, बाबा."

ती दारापुढच्या पायरीखाली उभी होती. चपला पायातच होत्या.