कुबेराची पाठ आणि शेट्येबाईंचं तोंड

शेट्येबाई जनावराच्या आधी मालकाला तपासत. टेबलावर मांजर असो, बोकड असो, त्या तिकडे ढुंकूनही पाहत नसत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून समोरच्या माणसाला पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत न्याहाळत आणि मग विचारत, "काय केलंत?" 'काय झालं?' हा प्रश्न त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला विचारला नसावा. जनावराला आपणहून काही होतं यावर त्यांचा विश्वासच नव्हता.

तीसेक वर्षं गुरांच्या सरकारी दवाखान्यांत काढून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि रत्नागिरीत परटवण्याला आपल्या घराच्या पडवीत एक लोखंडी टेबल टाकून सकाळी नऊ ते बारा बसत. दाराशी पाटी होती: 'जनावरास काय खायला घालता ते लिहून आणावे. खोटे लिहू नये.' मी पहिल्यांदा गेलो तेव्हा लिहून काहीच नेलं नव्हतं. हातात झाकणाला भोकं पाडलेला स्टीलचा डबा होता आणि डब्यात कुबेर.

कुबेर म्हणजे कासव. ते माझ्याकडे कसं आलं हे सांगायला मला आजही लाज वाटते, पण बाईंनी ते इतक्या लोकांना सांगितलंय की आता लपवण्यात अर्थ नाही. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. आमच्या विभागप्रमुखाची जागा रिकामी व्हायची होती. स्टाफरूममध्ये भूगोलाचे सर म्हणाले, घरात उत्तरेला जिवंत कासव ठेवा, पद चालत येतं. भूगोलाचा माणूस उत्तर दिशेबद्दल बोलतोय म्हणजे खरं असणार, असं मला वाटलं. कोल्हापूरच्या एका दुकानातून मी रुपयाएवढं पिल्लू आणलं. हॉलच्या उत्तरेला प्लास्टिकचा टब, त्यात प्लास्टिकचा माड, वर ट्यूबलाइट. वर्ष गेलं. पद चालत आलं ते माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान असलेल्या एका प्राध्यापिकेकडे. आणि कुबेराची पाठ मऊ पडली.

"काय केलंत?" शेट्येबाईंनी विचारलं.

"काही नाही. कवच जरा मऊ लागतंय."

"काही केलं नाहीत म्हणूनच मऊ झालं. खायला काय?"

"सुका जवळा."

"आणि?"

"सुका जवळाच."

"रत्नागिरीत राहून बारा महिने पाहुण्याला सुका जवळा? सोयरीक मोडेल हो अशाने! ऊन?"

"ट्यूबलाइट आहे."

बाईंनी चष्मा काढला. "मास्तर, तुम्ही शिकवता काय?"

"इतिहास."

"तरीच. समोरचा जिवंत आहे की नाही हे बघायची सवय नाही."

मग त्यांनी कुबेराला उचललं आणि त्यांचे हात एकदम निराळेच झाले. हाताची ती जाडजूड बोटं त्याच्या कडेवरून अशी फिरली की कुबेराने मान आतसुद्धा ओढली नाही. पाठीची कड सादळलेल्या पापडासारखी वाकत होती. बाईंनी त्याला उलटं केलं. पोटाकडच्या कवचावर तीन पांढुरके डाग होते.

"वास घ्या."

मी घेतला.

"हा तुमच्या टबाचा वास. पाणी कधी बदललंत?"

"रविवारी."

"कुठल्या रविवारी? आणि पाठीला ही तकाकी कसली?"

"खोबरेल तेल. चकाकी यावी म्हणून..."

"कोणी सांगितलंन?"

"भूगोलाच्या सरांनी."

"कवच म्हणजे काय तुमच्या भांगाचे केस आहेत? हाड आहे ते. जिवंत हाड. वरून नख लावलंत तरी त्याला समजतं. तुम्ही तेल लावून बुरशीला पाट मांडलात, वर रांगोळी काढलीत. नाव काय ठेवलंत ह्याचं?"

मी नाव सांगितलं. पडवीत बसलेली बाकीची माणसं हसली. एक शेळीसुद्धा ओरडली.

एवढी शोभा झाल्यावर त्यांनी उपचार सांगितले आणि ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतले. दिवसाचा बराच वेळ कोरडं ठेवायचं. जखमेवरचं लाल औषध कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून मऊ ब्रशने डाग पुसायचे, सुकू द्यायचे, वर मलम. मग तासाभरासाठी स्वच्छ पाण्यात, तिथेच जेवण. सकाळचं कोवळं ऊन, तेही काचेतून नव्हे. आणि टबाच्या अर्ध्या भागावर सावली, म्हणजे नको असेल तर त्याला सरकता येईल. जवळा बंद. काट्यासकट मांदेली, शेवग्याचा पाला आणि कुरतडायला समुद्रफेन.

"आणि कंटाळा आला म्हणून काजळी नदीत सोडून याल तर तुम्हालाच बुडवीन. परदेशी जात आहे ही. आपल्या नदीतल्यांच्या जिवावर उठेल."

समुद्रफेन औषधाच्या दुकानात मिळेल अशी माझी समजूत. "म्हाकूल माशाचं हाड हो!" बाई ओरडल्या. "भाट्याच्या वाळूत फुकट पडलेलं असतं." दुसऱ्या दिवशी सकाळी मी कमरेत वाकून भाट्याच्या किनाऱ्यावर हिंडत होतो. एका कोळणीने बराच वेळ गंमत पाहिली आणि मग विचारलं, "सर, दात पडला काय?"

लोक त्यांच्या तोंडाला घाबरत आणि तरीही येत. एक नगरसेवक बर्फाळ मुलुखातला केसाळ कुत्रा घेऊन यायचे. कुत्रा सारखी धाप टाकायचा. बाई एकदा त्यांना म्हणाल्या, "साहेब, मे महिन्यात तुम्हाला कानटोपी, स्वेटर आणि हातमोजे घालून मांडवीच्या जेटीवर उभं केलं, तर भाषण कराल?" साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. "मग ह्याच्याकडून शेपटी हलवायची अपेक्षा कशाला धरता?" खेड्यातल्या माणसांनाही त्यांची सवलत नव्हती. बोकडाच्या पायाला चुना फासून आणणाऱ्या म्हाताऱ्याला त्या म्हणाल्या होत्या, "वर कात-सुपारीपण लावायचीत, म्हणजे सरळ तोंडातच टाकता आला असता." हे मला तेव्हा फार विनोदी वाटायचं. टोमणा दुसऱ्यावर असला की तो विनोदच असतो.

दोन आठवड्यांत डाग सुकले. पण कुबेराचे डोळे सुजले होते, म्हणून बाईंनी त्याला जीवनसत्त्वाचं एक इंजेक्शन दिलं. पुढच्या पंधरवड्यात त्याच्या पायांची कातडी सुटायला लागली. सोलल्यासारखी. खालचं लाल मांस दिसत होतं. मी डबा घेऊन धावलो. वाटेत रिक्षात मनाशी उत्तरं तयार करत होतो, कारण 'काय केलंत?' येणार हे ठरलेलं होतं आणि या खेपेला मी खरोखरच काही केलं नव्हतं.

बाईंनी काहीच विचारलं नाही. कुबेराकडे पाहिलं, खुर्चीवर बसल्या, पुन्हा पाहिलं. मग आत जाऊन फोन आणला. नीलम म्हणून त्यांच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आता पुण्यात फक्त पोपट, कासवं असलेच जीव तपासते. तिला त्यांनी फोनवर कुबेर दाखवला.

"बाई, किती दिलंत?" पलीकडून प्रश्न आला.

बाईंनी सांगितलं.

मग नीलमचा आवाज चढला. "बाई, म्हैस आहे का ती? एवढंसं पोर ते! डोळ्यांची सूज मांदेलीनेच उतरली असती. कातडी सुटणारच. आधी मला एक फोन करायला काय झालं होतं तुम्हाला?"

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. महिनाभर ज्या तोंडाने मला सोललं होतं ते तोंड "हो", "बरं", "चुकलं" एवढंच म्हणत होतं. सत्तरीच्या बाई कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे पोरीने सांगितलेलं एकेक वाक्य लिहून घेत होत्या, आणि अक्षर वेडंवाकडं येत होतं. ते अक्षर पाहिलं आणि माझा आनंद मावळला.

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "चूक माझी. तुमची नव्हे. नीट ऐकून घ्या मास्तर, हे वाक्य ह्या पडवीत पुन्हा ऐकायला मिळायचं नाही."

"असू दे हो बाई, चालायचंच," मी म्हणालो.

त्या भडकल्या. "चालायचंच काय? जीव जातोय त्याचा! रागवा की! एरवी कॉलेजात पोरांवर ओरडता ना?"

मला ओरडता आलं नाही. कुबेर तिथेच राहिला. पडवीच्या कोपऱ्यात कोरडी स्वच्छ फडकी, दिवसातून दोनदा औषध, पाण्यात थोडा वेळ, उन्हात थोडा वेळ. मी रोज कॉलेज सुटल्यावर जाई. पहिले नऊ दिवस त्याने काही खाल्लं नाही. बाई मांदेलीचा तुकडा चिमट्यात धरून त्याच्यापुढे अर्धा अर्धा तास बसत. एकदा मी म्हणालो, "मी धरू का?" तर म्हणाल्या, "तुम्ही उत्तर दिशा धरून बसा." दहाव्या दिवशी त्याने तुकडा ओढला. त्या संध्याकाळी बाईंनी मला पहिल्यांदा चहा दिला, तोसुद्धा अर्धा कप.

नवी कातडी यायला दोन महिने लागले. कवच टणक झालं, पण पाठ कायमची खाचखळग्यांची राहिली. "ही आता सपाट व्हायची नाही," बाई म्हणाल्या. "कासव बोलत नाही, पण त्याचं काय काय केलंत ते पाठीवर राहतं."

शेट्येबाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. शोकसभेत त्या नगरसेवकांनी त्यांना 'मृदुभाषी' म्हटलं आणि मागच्या रांगांतून हसण्याचा आवाज आला. मला बोलायचा आग्रह झाला, मी उठलो नाही. मला जे सांगायचं होतं ते सभेत सांगण्यासारखं नव्हतं.

त्या जायच्या चार महिने आधीची गोष्ट. कुबेराला घरी न्यायला गेलो तेव्हा डबा हातात देता देता त्यांनी विचारलं, "मास्तर, गाडी चालवता ना? रविवारी नाटे गावाला जायचंय."

कशाला ते पूर्णगडचा पूल ओलांडल्यावर सांगितलं. नोकरीची सुरुवातीची वर्षं. नाट्याजवळच्या एका वाडीत एका विधवा बाईची म्हैस व्याल्यावर तिसऱ्या दिवशी बसली होती. मान वळवून पडलेली. कॅल्शियमची बाटली शिरेतून द्यायची, आणि ती सावकाश द्यायची, नाहीतर काळीज बंद पडतं. "मला पाचाची एस्टी गाठायची होती," बाई म्हणाल्या. "बाटली भरधाव सोडली. म्हैस माझ्या हाताखाली गेली. ती बाई मला म्हणाली, तिची वेळ भरली होती, तुम्ही काय करणार. मला थांब्यापर्यंत सोडायला आली. दोन नारळ दिलंन. मी घेतले."

"आता एवढ्या वर्षांनी..."

"आत्ताच. तुमच्या कासवाच्या वेळी 'चूक माझी' असं एकदा म्हणून बघितलं. म्हणता येतं."

ती बाई अजून होती. अंगणात आमसुलं वाळत घालत होती. डोळ्यांनी अधू, पण आवाजावरून ओळखलंन. "शेट्येबाई ना?" आम्ही ओटीवर टेकलो. बाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. सगळं सरळ सांगितलं, एस्टीसकट. सांगताना कुठेही स्वतःला सोडलं नाही.

म्हातारी आमसुलं परतत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "माका ठाऊक होता, बाई. तेव्हाच. तुम्ही सारख्या घड्याळाकडे बघत होतात."

मीच विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"बोलान काय? आणखी एक गाय होती दारात. आजूबाजूच्या चार वाड्यांत दुसरा डॉक्टर नव्हता. ह्या रागावल्या, पुन्हा आल्या नसत्या, तर तिच्याकडे कोण बघणार होता?"

मग तिने आम्हाला जेवायला थांबवलं. कुळथाची पिठी आणि भात. शेट्येबाई मुकाट्याने जेवल्या.

परतताना मी म्हणालो, "बरं झालं बाई. त्यांनी माफ केलं तुम्हाला."

"कुठे केलंन?" त्या एकदम उसळल्या. "कान आहेत ना तुम्हाला? माफ नाही केलंन. सांभाळून घेतलंन. इतकी वर्षं, एका गायीसाठी."

पावस येईपर्यंत त्या बाहेर बघत होत्या. खिडकीची काच खाली केली होती आणि केस वाऱ्याने तोंडावर येत होते, तेही त्यांनी सारखे केले नाहीत.