थकलेलं रबर

नली गेल्याचा फोन शेजाऱ्यांकडे आला. मी ओल्या हातांनीच धावले. पलीकडे तिचा भाऊ होता. हार्ट अटॅक, एवढंच तो बोलू शकला... आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की नवं रबर तर कालच आलंय. रडू नंतर आलं.

ऐंशीच्या सुमारास पवईच्या एका छोट्या प्रयोगशाळेत आम्ही दोघी बरोबरच लागलो. श्वास घेताना फुफ्फुस ताणलं जातं, ते तिथल्या पेशींना कळतं का, या एका प्रश्नाने तिला झपाटलं होतं. उंदराच्या फुफ्फुसातल्या पेशी ती पातळ रबरावर वाढवायची आणि ते रबर चौकटीत धरून मोटरने ताणायची, सोडायची. मोटर घरच्या शिलाई मशीनची. "गो, माझ्या मशीनची मोटर खंय न्हेलंस?" म्हणून मुलुंडला तिची आई रोज करवादायची. पण काम झकास चाललं. ताणलेल्या पेशी जास्त स्राव सोडू लागल्या, ज्याच्यामुळे फुफ्फुसातले बारीक फुगे मिटून चिकटत नाहीत तोच स्राव. "बघ, कळतं गं त्यांना," नली म्हणाली आणि तिने सगळ्यांना चहा पाजला.

पुढे मात्र स्रावाचे आकडे उतरत गेले. तिने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. शेवटी प्रयोगशाळेच्या सरांनी आधीचा निकाल योगायोग म्हणून विषय बंद केला. तीही म्हणाली, "थकत असतील गं पेशी." मग ती शाळेत शिकवायला लागली, मी कॉलेजात. एवढ्या हुशार बाईने नववीचे पेपर तपासत वर्षं काढली, याची हळहळ माझ्या मनातून जात नाही.

जायच्या आधीच्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. जुनं रबर तिने लोणच्याच्या बरणीला बांधलं होतं. कितीही ओढलं तरी मध्ये झोळ. आम्ही दोघी त्याच्याकडे बघतच राहिलो. परदेशातून आलेलं, टाकवत नव्हतं, म्हणून तेच रबर आम्ही दरवेळी जंतू मारायला कुकरमध्ये उकळून पुन्हा वापरायचो. मोटर ओढायची, पण त्यात नुसता झोळ सरळ व्हायचा. पेशींपर्यंत ताण पोचतच नव्हता.

"वाट लागली," ती हळूच म्हणाली. "पेशी नाही गं, रबर थकलं होतं." मग बरणीवरचं रबर सोडवत म्हणाली, "नवं मिळव ना. तुझ्या कॉलेजच्या लॅबमध्ये परत करू."

नलीचं ते रबर ताणायचं मशीन आता माझ्या घाटकोपरच्या घरी आहे. परवा नवं रबर चौकटीत लावून मोटर सुरू केली. रबर छान ताणलं जातं, सैल होतं, पुन्हा ताणलं जातं... त्यावर पेशी नाहीत. त्या वाढवणं फक्त नलीला जमायचं.